लॅपटॉपमधील घनस्थिती संचयक : घडण, प्रकार आणि बसविण्याची पद्धती

लॅपटॉप संथ झाला की त्याचा प्रोसेसर कालबाह्य झाला, असे बहुधा गृहीत धरले जाते. परंतु गेल्या दशकात विकल्या गेलेल्या अनेक लॅपटॉपांत प्रोसेसर आजही दैनंदिन कामास पुरेसा असतो. खोळंबा होतो तो माहिती साठविणाऱ्या हार्ड डिस्कपाशी. ती काढून तिच्या जागी घनस्थिती संचयक, अर्थात सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसविणे हा त्यावरील सर्वांत परिणामकारक उपाय होय. व्यवहारात यास एसएसडी म्हणतात. या साधनात कोणताही भाग फिरत किंवा सरकत नाही. निरोधकात कोंडलेला विद्युत् भार हाच त्याचा आधार. त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही या एका तत्त्वातून उद्भवतात.

हार्ड डिस्कची मर्यादा : हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात व एका भुजेच्या टोकाचे शीर्ष माहिती वाचते. लॅपटॉपमधील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ त्यात मिळविल्यास प्रत्येक शोधास १५ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो. परिणामी विखुरलेल्या जागांवरील वाचने सेकंदाला शंभरापर्यंतही पोहोचत नाहीत. संगणक सुरू होताना मात्र अशी हजारो लहान वाचने करावी लागतात. एसएसडीमध्ये तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर होते.

उगम व विकास : फिरत्या तबकडीची परंपरा १९५६ साली आयबीएम कंपनीच्या रॅमॅक संगणकापासून सुरू झाली. त्याच्या संचयकात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरचिन्हे मावत. एसएसडीचे बीज १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रोवले गेले. दावोन काँग व सायमन झी यांनी तेथे प्लवमान द्वार, म्हणजेच फ्लोटिंग गेट असलेला ट्रान्झिस्टर मांडला. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी त्या तत्त्वावर फ्लॅश स्मृती विकसित केली. तिचा नॉर प्रकार १९८४ साली व नँड प्रकार १९८७ साली जगापुढे आला. इंटेलने १९८८ साली नॉर फ्लॅश बाजारात आणली. त्या कंपनीच्या इटॉक्स या फ्लॅश तंत्राच्या सहसंशोधकांत पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम होते. पुढे पेंटियम प्रोसेसरमुळे त्यांची ख्याती झाली. १९९१ साली सनडिस्क कंपनीने, जी नंतर सॅनडिस्क या नावाने ओळखली गेली, आयबीएमसाठी २० मेगाबाइटचा फ्लॅश संचयक तयार केला. त्याची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. २००६ साली सॅमसंगने ३२ गिगाबाइट एसएसडी असलेला लॅपटॉप सादर केला. २०१३ साली त्याच कंपनीने पेशींचे २४ थर एकावर एक रचलेल्या त्रिमितीय नँड चिपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि साठवणक्षमतेत मोठी वाढ होण्याचा मार्ग खुला झाला.

रचना व कार्य : नँड चिपमधील प्रत्येक पेशी हा एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. त्यात चारही बाजूंनी निरोधकाने वेढलेला एक भाग असतो. उच्च विद्युत् दाब देऊन इलेक्ट्रॉन त्या भागात शिरविले, की वीज बंद केल्यावरही ते तेथेच राहतात. वाचताना त्या भाराचा ट्रान्झिस्टरच्या वहनावर किती परिणाम होतो, हे तपासले जाते. बहुतांश त्रिमितीय चिपांत प्लवमान द्वाराच्या जागी सिलिकॉन नायट्राइडचा थर भार धरून ठेवतो. लेखन पृष्ठांच्या हिशेबाने होते, तर पुसणे अनेक पृष्ठांच्या संपूर्ण खंडाचेच करावे लागते. पाटीवर एकेक ओळ लिहिता यावी, पण पुसताना अख्खी पाटीच पुसावी लागावी, तशी ही व्यवस्था आहे. शिवाय प्रत्येक लेखन-पुसणीगणिक निरोधक थोडा झिजतो. म्हणून एसएसडीमध्ये नियंत्रक, अर्थात कंट्रोलर हा स्वतंत्र घटक असतो. कोणती माहिती कोणत्या खंडात आहे याची नोंद ठेवणे, झीज सर्व खंडांवर समान वाटणे आणि निरुपयोगी पृष्ठे गोळा करून खंड मोकळे करणे ही त्याची कामे होत. कोणती माहिती काढून टाकली गेली, हे त्याला कळविणारी आज्ञा म्हणजे ट्रिम. विंडोज ७ पासून विंडोज प्रणालीत तिची सोय आहे.

पेशींनुसार वर्गीकरण : एका पेशीत किती बिट साठविले जातात, यावरून चार मुख्य प्रकार होतात. एसएलसीत एक बिट, एमएलसीत दोन, टीएलसीत तीन, तर क्यूएलसीत चार बिट असतात. त्यासाठी अनुक्रमे २, ४, ८ व १६ भारपातळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या वाढतात तशी त्याच जागेत अधिक माहिती मावते व किंमत उतरते; परंतु दोन पातळ्यांतील अंतर कमी झाल्याने लेखन मंदावते आणि आयुर्मानही घटते. घरगुती व कार्यालयीन वापरासाठी टीएलसी हा सर्वसाधारणपणे समतोल पर्याय ठरतो. आयुर्मर्यादा एकूण किती टेराबाइट लेखन होऊ शकेल या स्वरूपात दिलेली असते आणि सामान्य वापरात ती गाठण्यास अनेक वर्षे लागतात.

जोडणीनुसार वर्गीकरण : जुन्या लॅपटॉपांत अडीच इंची साटा संचयक बसतो. त्याची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असते आणि तो सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत वाचन करतो. नव्या लॅपटॉपांत एम.२ पट्टी असते; २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब पट्टीस २२८० म्हणतात. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. तीत साटा किंवा एनव्हीएमई यांपैकी कोणतीही पद्धत असू शकते आणि एकीसाठीच्या खाचेत दुसरी चालेलच असे नाही. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधाराने वेग सेकंदाला कित्येक हजार मेगाबाइटपर्यंत जातो. तथापि दैनंदिन कामात लाभ होतो तो मुख्यतः शोधकाळ वाचल्यामुळे. म्हणूनच साटाची आधीची, निम्म्या वेगाची जोडणी असलेल्या जुन्या लॅपटॉपलाही एसएसडीचा स्पष्ट उपयोग होतो.

निवड व पूर्वतयारी : खरेदीपूर्वी उत्पादकाची सेवापुस्तिका पाहून जोडणीचा प्रकार, पट्टीची लांबी आणि उपलब्ध जागा निश्चित करावी. काही लॅपटॉपांत संचयक मदरबोर्डवरच डाखलेला असतो; तेथे बदल शक्य नसतो. सर्व महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवणे अनिवार्य आहे. बिटलॉकरसारखी कूटबद्धता चालू असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून घ्यावी व काम होईपर्यंत कूटबद्धता स्थगित करावी. त्यानंतर दोन मार्ग उरतात. पहिला प्रतिरूपणाचा, म्हणजे क्लोनिंगचा : नवा संचयक यूएसबी केसिंगमधून जोडून जुन्याची हुबेहूब प्रत उतरवून घेणे. दुसरा, नव्या संचयकावर प्रणाली नव्याने स्थापित करण्याचा. पहिल्यात मांडणी जशीच्या तशी राहते; दुसऱ्यात वर्षानुवर्षे साचलेला अनावश्यक भार उतरतो.

बसविण्याची पद्धती : लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. तळाचे स्क्रू काढताना कोणता कोठला याची नोंद ठेवावी, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते. झाकणाच्या कडा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सोडवाव्यात. लोखंडी पाना वापरू नये. झाकण उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी आणि धातूच्या वस्तूस स्पर्श करून अंगावरील स्थिरविद्युत् उतरवावी. साटा प्रकारात जुन्या डिस्कभोवतीची धातूची चौकट नव्या संचयकास लावून तो खाचेत सरकवावा. एम.२ पट्टी किंचित तिरकी धरून खाचेत पूर्ण शिरवावी, मग हलकेच खाली दाबून टोकाचा स्क्रू बसवावा. जोडणी पूर्ण झाल्यावर बायोसमध्ये संचयक दिसतो की नाही हे पाहावे व मगच प्रणाली सुरू करावी.

निगा व मर्यादा : एसएसडीचे डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे विखुरलेली माहिती सलग मांडणे, करू नये; त्यातून वेग वाढत नाही, केवळ झीज वाढते. काही जागा सदैव रिकामी ठेवल्यास नियंत्रकाचे काम सुकर होते. धक्क्याने बिघडेल असा फिरता भाग नसल्याने प्रवासात हे साधन अधिक सुरक्षित असते, ते आवाज करत नाही आणि सामान्यतः वीजही कमी घेते. परंतु रॅम अपुरी असेल किंवा प्रोसेसर खरोखरच दुर्बल असेल, तर केवळ संचयक बदलून ती उणीव भरून निघत नाही. आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ट्रिमनंतर पुसलेली माहिती परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते. तसेच कोंडलेला भार दीर्घकाळात हळूहळू गळतो. उष्ण जागी व झिजलेल्या संचयकात ही गळती अधिक वेगाने होते. त्यामुळे वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवावयाच्या दस्तऐवजांसाठी एसएसडी हे योग्य माध्यम नव्हे. काढलेली हार्ड डिस्क सुस्थितीत असल्यास तिला यूएसबी केसिंगमध्ये बसवून दुसऱ्या प्रतीसाठी वापरावे. संथपणामुळे जी लॅपटॉपमध्ये गैरसोयीची ठरली, तिला अशा कामी वेगाची गरज पडत नाही.