दंडवग्गातला ‘दंड’ म्हणजे काय?

धम्मपदाच्या दहाव्या वर्गाचे नाव ‘दंडवग्ग’. मराठीत दंड म्हटले की आपल्याला पावती फाडून भरलेला दंड आठवतो, नाहीतर दंड-बैठका. त्यामुळे या गाथा वाचताना पुष्कळांना त्या कोर्टकचेरीच्या शिक्षेबद्दल वाटतात.

पालीत दंड म्हणजे आधी साधी काठी. गुराखी गाई हाकतो तीही दंडच. याच वर्गात म्हातारपण आणि मृत्यू प्राण्यांचे आयुष्य तसेच हाकत नेतात, अशी उपमा आहे. काठी कुणावर उगारली की त्याच शब्दाला मारहाण, हिंसा, शिक्षा हे अर्थ चिकटतात. म्हणून प्राणिहत्येपासून दूर राहणाऱ्याला सुत्तांत ‘निहितदंड’ म्हटले आहे. दंड माफ झालेला असा त्याचा अर्थ लावणे चूक. ज्याने काठी खाली ठेवली, तो निहितदंड.

मग भिक्खूने काठी धरूच नये का? विनयपिटकात याचे सरळ उत्तर आहे. आजारी भिक्खूला काठीवाचून चालता येत नसेल, तर संघाच्या संमतीने ती वापरता येते. म्हाताऱ्यांच्या आधाराच्या काठीला तर पालीत स्वतंत्र शब्द आहे: ‘कत्तरदंड’. त्यातही दंड आहेच, फक्त तो जमिनीवर टेकलेला असतो.