घरात पुस्तकांची फळी

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. आपल्याकडे गुंड-गंजांना मांडणी असते, देवाला कोनाडा असतो, धान्याला कोठी असते. पुस्तकांना मात्र जागा नसते. ज्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजात येतो, तेथे ती नव्याने करावी लागते.

फळी करताना आधी वस्तू पाहावी, मग भिंत, शेवटी लाकूड. वजन सारखे पसरलेले असता आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर फळीचा बाक १६ पट होतो. जाडी दुप्पट केली, तर तो आठवा हिस्साच उरतो. म्हणून जड पुस्तकांच्या फळीला दर दोन फुटांवर आधार द्यावा. स्वयंपाकघरात जड गुंड सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत.

मातीच्या भिंतीत खुंट्या सैल होतात. तेथे जमिनीवर उभी राहणारी मांडणी बरी. आपला मुलूख धानाचा, पावसाळा ओला. मांडणीच्या पायांखाली दगड द्यावेत आणि भिंतीपासून बोटभर फट सोडावी. हवा खेळते, आणि वाळवीने मातीची वाट बांधली तर ती वेळीच दिसते.

आमच्या घरी अशी एक मांडणी आहे. तिचा वरचा कप्पा धाकट्या बहिणीसाठी रिकामा ठेवला आहे.