गदा कुणाच्या खांद्यावर?

पेडगाव असो की परभणी, हलगी कडाडली की आपले पाय आपोआप आखाड्याकडे वळतात! पण अवघ्या महाराष्ट्रात सर्वांत भारी पैलवान कोण, हे ठरतं कसं?

ते ठरतं ‘महाराष्ट्र केसरी’ या वार्षिक स्पर्धेत. तिची सुरुवात आपल्या मराठवाड्यातलीच! १९६१ साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले.

गंमत अशी, की काही मल्ल मातीवर लढतात, काही गादीवर, म्हणजे मॅटवर. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. जिंकेल त्याला मानाची चांदीची गदा!

जपानातही १९९१ पासून दर वर्षी ‘जी-वन क्लायमॅक्स’ ही व्यावसायिक कुस्तीची स्पर्धा रंगते. मल्ल अंग मोडून मेहनत घेतात, पण जिंकणार कोण, हे नाटकासारखं आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे तसं नाही. वर्षभर जोर-बैठका काढलेला मल्लही एका डावात चितपट होतो. म्हणून तर नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांच्या लागोपाठ तीन-तीन गदांचं एवढं कौतुक!

आणि हरलेला? तो अंगावरची माती झटकतो अन् पुन्हा तालमीत उतरतो. परीक्षेत मार्क कमी पडले, तर तुम्ही काय कराल बरं?