परेडचा कोट की कामाचे कपडे?

जुने लष्करी कपडे जमवणारे बहुतेक जण बिल्ले आणि चकाकत्या बटणांमागे धावतात. खरा इतिहास मात्र कामाच्या कपड्यांत सापडतो. नाझी जर्मनीच्या सैन्याचा सुती ‘ड्रिलिख’ बघा: माशाच्या काट्यासारखी वीण, आधी न रंगवलेला पांढरट, 1940 पासून हिरवट. पांढरं लांबून नजरेत भरतं, म्हणून रंग बदलला. युद्धाची निकड कापडावरच उमटली. परेडचा कोट पेटीत जपला जातो, कामाचा सदरा तेल-चिखलात झिजतो. त्यामुळे ठिगळ हा दोष नव्हे, पुरावा आहे.

‘नाझी काळाचं कौतुक कशाला?’ हा आक्षेप रास्तच. म्हणून त्या राजवटीचे गुन्हे सांगितल्याशिवाय असा कपडा मांडूच नये. ‘या सगळ्याचा आपल्या परभणीशी काय संबंध?’ म्हणाल, तर हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या सत्तांतराच्या धामधुमीतली खाकी इथल्या एखाद्या ट्रंकेतही असू शकते. सैनिक असल्याचं भासवायला गणवेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे, तेव्हा जपा, मिरवू नका. बोहारणीला देण्याआधी कपडा कुणाचा, कधीचा, एवढं चिठ्ठीवर लिहून ठेवा.