चाई : ना किड्याचा दोष, ना घराण्याचा

डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की ‘किड्याने केस खाल्ले’ असे म्हटले जाते. मग त्या मुलाचा कंगवा वेगळा, टॉवेल वेगळा. वास्तविक चाई संसर्गजन्य नाही. आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांना शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला करतात, म्हणून केस गळतात.

असे का व्हावे? अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. अँजेला ख्रिस्तियानो यांना स्वतःलाच चाई झाली होती. २०१० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी सुमारे एक हजार रुग्णांची जनुके इतर तीन हजारांवर लोकांच्या जनुकांशी ताडून पाहिली. आपले कोण, परके कोण हे पेशींना ओळखू देणाऱ्या ‘एचएलए’ जनुकांत आणि हल्ल्याचा इशारा देणाऱ्या जनुकांत त्यांना फरक आढळले.

मात्र अशी जनुके म्हणजे विधिलिखित नव्हे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला चाई आणि दुसऱ्याचे केस शाबूत, असे दिसते. तेव्हा चाईपायी सोयरीक मोडणे योग्य नाही.

लहान चट्ट्यावर पुष्कळदा वर्षभरात आपोआप केस येतात. लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नये. चट्ट्यावर खवले व खाज असेल तर ते गजकर्ण असू शकते आणि ते मात्र पसरते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेच. चाई फार पसरली तरी २०२२ पासून पेशींचा हल्ला रोखणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात.