नागपुरी पानडब्याचे वय

जुन्या चांदीच्या डबीचा कारागीर आणि काळ ओळखण्याची सोयीची व्यवस्था हॉलंडमध्ये होती, कारण तेथे डबीवर शहराचे चिन्ह, कारागिराचा ठसा आणि दरवर्षी बदलणारे वर्षाक्षर उमटवले जाई. १८१४ पासूनच्या राष्ट्रीय पद्धतीत सिंहाच्या ठशातील १ हा आकडा हजारात ९३४ भाग, तर २ हा आकडा ८३३ भाग शुद्ध चांदी दर्शवतो. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या ठशांची नक्कल केलेल्या डब्याही पुष्कळ विकल्या गेल्याने ठसा घडणीशी ताडून पाहिल्याखेरीज जाणकार मत देत नाहीत.

नागपूरच्या जुन्या घरांतील पानडबा, कुंकवाचा करंडा किंवा चुन्याची डबी पाहताना ही सोय बहुधा नसते, कारण भारतात चांदीच्या शुद्धतेचा अधिकृत हॉलमार्क २००५ मध्ये आला आणि तोवर गिऱ्हाइकाचा भरवसा घरच्या सोनारावर असे. तळाशी कोरलेले नाव बहुतेक वेळा मालकाचे असते. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने घेतलेल्या तलवारीवर नागपूरकर रघुजी भोसल्यांचे नाव देवनागरीत सोन्याने कोरलेले असले तरी पाते युरोपीय बनावटीचे आहे, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे.

म्हणून खरा आधार वजन, टंच म्हणजे चांदीची शुद्धता, आणि घडण यांचा. १८३५ चा कंपनी रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध होता. गिऱ्हाईक रुपये देई, सोनार ते आटवून वस्तू घडवी व घडणावळ वेगळी घेई, त्यामुळे सुमारे ९१.६ टक्के टंच आढळल्यास रुपये आटवल्याची शक्यता बळावते, सिद्ध मात्र होत नाही. झाकणावर रुपया बसवलेला असेल तर तो केवळ सर्वांत आधीची मर्यादा देतो: व्हिक्टोरियाला ‘सम्राज्ञी’ म्हणणारे नाणे १८७७ पूर्वीचे नसल्याने डबाही त्याआधीचा नसतो, निदान झाकण तरी नसते. ठोकून काढलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते, यंत्रावर लाटलेल्या पत्र्याची एकसारखी राहते. बिजागरीजवळचा डाक, म्हणजे सांध्याचा मिश्रधातू, वेगळ्या रंगाचा दिसला तर नंतरच्या दुरुस्तीचा संशय घ्यावा.

घराण्यात चालत आलेल्या कथेला मात्र जपूनच मान द्यावा. तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या १८५३ मधील निधनानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातील मौल्यवान चीजवस्तू लिलावात गेल्या, हे खरे. परंतु भोसल्यांच्या वाड्यातून आल्याचे सांगितले जाणारे डबे एकत्र केले तर नागपूरच्या महाल भागातील सारे वाडेही अपुरे पडावेत.

सर्वाधिक हानी अज्ञानापेक्षा मोडीत विकण्याने केली आहे, कारण सराफ्यात डबा वजनावर जातो आणि आटल्यावर घडण, नाव, डाक यांतले काहीच उरत नाही. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी तो उजळण्यापूर्वी किंवा इतवारीच्या सराफ्यात नेण्यापूर्वी त्याचे वजन, तळावरील अक्षरे आणि तो कोणाकडून आला याची नोंद छायाचित्रासह करून ठेवावी.