दानभूमीचा स्वामी कोण?

पाली वाङ्मयात 'आराम' या शब्दाचे दोन अर्थ आढळतात : उद्यान आणि भिक्खूंचे निवासस्थान. 'संघाराम' हा शब्द त्यातूनच सिद्ध झाला. राजा बिंबिसाराने वेळुवन दिले. श्रावस्तीच्या अनाथपिण्डिकाने सुवर्णनाणी अंथरून जेतवन मिळविले. विनयपिटकानुसार हे जेतवन आलेल्या आणि अद्याप न आलेल्या अशा चातुर्दिश संघास अर्पण झाले. अर्थात, दानभूमीच्या स्वामित्वात पुढे येणाऱ्यांचाही वाटा असतो.

नागपूरनजीकच्या चिचोली येथील शांतिवन हे या परंपरेचे आपल्या परिसरातील उदाहरण होय. गोपिकाबाई ठाकरे यांनी दान केलेल्या जमिनीवर, १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याचे संयोजक वामनराव गोडबोले यांनी ते उभारले. बाबासाहेबांचे निकटवर्ती सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून लाभलेले कोट, टंकलेखन यंत्र आदी वस्तू तेथे जतन करण्यात आल्या.

श्रेष्ठीचे सुवर्ण व्यापारात पुन्हा मिळू शकते. ग्रामीण कुटुंबाची जमीन म्हणजे मात्र त्याची उद्याची भाकर. म्हणून असे दान आम्हांस जेतवनाहून उणे वाटत नाही.

संयुत्त निकायातील वनरोप सुत्त सांगते की, उद्याने व वने लावणाऱ्यांचे पुण्य अहोरात्र वाढत राहते. परंतु झाड पाण्यावाचून वाळते आणि वस्त्राला कसर लागते. दात्याने आपले कर्तव्य एकदाच केले; जोपासनेचे कर्तव्य दर्शनास येणाऱ्या प्रत्येक पिढीकडे राहते. आपण तेथे पाहुणे नसून, अद्याप न आलेल्यांचे विश्वस्त आहोत.